वरची ओळ

रघुवीरबाब डॉक्टरचा कागद नेहमी अर्धाच वाचायचे. वर जिथे आजाराचं नाव असे, तिथे टीपकागद ठेवायचे आणि खालचं तेवढं बघायचे: माणसाला काय जमत नाही आणि किती दिवस जमणार नाही. "दुखणां डॉक्टराचां, काम आमचां," हा त्यांचा मंत्र. डिचोलीच्या आमच्या खाण कंपनीत हलकं काम मागणाऱ्यांचे अर्ज त्यांच्याकडे येत. मी त्यांच्या हाताखाली नवाच लागलो होतो.

एकदा एक ड्रायव्हर आपल्या मूळव्याधीची कहाणी सविस्तर सांगू लागला. रघुवीरबाबांनी चक्क कानांत बोटं घातली. तो दमल्यावर एवढंच विचारलं, बसायला जमतं? नाही म्हणाला. मग वजनकाट्यावर उभ्याचं काम. झालं! त्या दिवसांत गोव्याची राजभाषा कोकणी की मराठी या वादावरून आमच्या कचेरीत चहाची टेबलंसुद्धा वेगळी झाली होती. अर्ज कुठल्या भाषेत लिहू असं कुणी विचारलं, की म्हणायचे, कण्हतोस त्या भाषेत लिही. पाठीमागे आम्ही त्यांना 'अर्धे डॉक्टर' म्हणायचो.

रघुवीरबाबांनी लग्न केलेलं नव्हतं. जेवायला सोबत एकच, गॅरेजमधला फिटर वासू, दोडामार्गचा. पावाचा एक उंडो दोघांत मोडून खायचे आणि अवाक्षर न बोलता उठायचे. कसली ही दोस्ती, असं मला वाटे.

या वासूची डाव्या हाताची बोटं बधिर झाली. तापलेल्या सायलेन्सरवर हात भाजला तरी त्याला कळलं नाही. त्याने डॉक्टरचा कागद आणला. रघुवीरबाबांनी टीपकागद ठेवून शेरा लिहिला: गरम व धारदार वस्तूंचे काम नको, स्टोअरमध्ये घ्यावे. साहेबांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी रघुवीरबाब पणजीला गेले आणि कागद फायलीला लावायचं माझ्याकडे आलं. मी वरची ओळ वाचली. महारोग. खाली स्वच्छ लिहिलं होतं की औषध चालू आहे, इतरांना धोका नाही. कँटीनमध्ये मी फक्त वरचं सांगितलं. माझ्या जिभेला हाड नव्हतं, दुसरं काय म्हणू?

वासूचा ग्लास वेगळा झाला. त्याच्या हातून बोल्ट घ्यायला कुणी तयार होईना. साहेबांनी चौकशी लावली, तेव्हा रघुवीरबाबांनी वासूच्या देखत सांगितलं की ही गोष्ट आपल्याच तोंडून बाहेर गेली. मी तिथेच उभा होतो. महिन्याभरात वासू नोकरी सोडून गावी गेला. जाताना त्याने रघुवीरबाबांकडे बघितलंही नाही.

ते निवृत्त झाले त्या दिवशी मी शेवटी कबूल केलं.

"म्हायत आसा माका," ते म्हणाले. "तू नवो होतंस. तुका हय माणसांत रवचां होतां. माका कोण होतो? एक वासू."

तो नंतर भेटला का, मी विचारलं.

"दोनदा गेलंय तेच्या घराक. घरात नाय म्हणान सांगल्यानी. भितर तो खोकता तां आयकाक येय होतां."

दोडामार्ग इथून तासाभराची वाट. दुसऱ्याच दिवशी गाडी धरून वासूला खरं सांगून यायला हवं होतं. उद्या जाऊ, उद्या जाऊ म्हणत राहिलो. आता दोघंही नाहीत. आणि आपल्या दुखण्याचं गुपित रघुवीरबाबांनीच फोडलं, असंच समजून वासू गेला.