विनातिकीट भेदरं

चिखलीच्या आमच्या गल्लीतील समस्त रहिवासी, त्यांच्याकडे आलेले पाहुणे, दूधवाले, पेपरवाले आणि वाट चुकून इकडे वळलेले इतर सज्जन यांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, दिगंबरनानांच्या परसातलं या हंगामातलं पहिलं भेदरं आज सकाळी लाल झालं आहे. तरी सर्वांनी आपापल्या जिभा सांभाळाव्यात.

हे निवेदन दर हिवाळ्यात मी मनातल्या मनात वाचत असे आणि मग स्वयंपाकघराची खिडकी लावून घेत असे.

भेदरं म्हणजे टोमॅटो. एरवी आम्ही सगळे टमाटे म्हणतो, पण नानांच्या कुंपणापाशी हा शब्द चालत नाही. "टमाटे ते, जे तुमी इकत आनता," नाना म्हणतात. "हे भेदरं हाय." तर हे भेदरं लाल झालं की नाना एका हातात ते आणि दुसऱ्या हातात चाकू घेऊन भिंतीपाशी उभे राहतात. भिंत माझ्या आणि त्यांच्या घरामधली, छातीइतकी उंच. मी शाळेत जायला निघाले की आवाज येतोच.

"मास्तरीणबाई, थांबा जरा. एक घास."

"नाना, शाळा आहे."

"शाळा कुठं पयून चालली? जाग्यावरच राहीन ते."

मग भेदऱ्याचे चार भाग होतात आणि त्यातला एक माझ्या हातावर येतो. मीठ मागायचं नाही. "मीठ लावलं का भेदरं खोटं बोलते," हे नानांचं वचन आहे. कसं लागलं, असंही नाना विचारत नाहीत. ते फक्त तुमच्या डोळ्यांकडे टक लावून पाहतात. "तोंडाचं काई खरं नसते. मानूस शेजारधर्मानं गोड म्हन्ते. डोये खोटं नाही बोलत." एक डोळा मिटला तर झाड साधारण. दोन्ही मिटले तर बरं. आणि दोन्ही डोळे मिटून खांदे कानापर्यंत गेले, तर नाना समाधानाने मान हलवतात आणि त्या झाडाला लाल चिंधी बांधतात. त्याचं बी धरायचं असतं.

माझी ही दशा होत असताना नाना स्वतः एक फोड तोंडात टाकतात आणि शेंगदाणे खावेत तशी चावतात. पापणी हलत नाही. आमचा दूधवाला तर म्हणायचा की नानांची जीभ बाभळीच्या लाकडाची आहे.

नाना एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. नाना बसमधून उतरले, पण बस काही नानांमधून उतरली नाही. त्यांचं परस म्हणजे घरामागची चिंचोळी पट्टी, साधारण एसटीच्याच लांबी-रुंदीची. त्यात दोन्हीकडे भेदऱ्यांच्या रांगा आणि मधून जायला वाट. झाडांना पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्यांचा आधार आणि नानांच्या बायकोच्या, कुसुमकाकूंच्या, जुन्या लुगड्यांच्या पट्ट्यांची बांधणी. एखादी फांदी वाटेत आली की नाना तिला हळूच मागे सारतात आणि म्हणतात, "चला, पुढं सरका. मंधात उभं नाही राह्याचं."

बियाणंही बहुतेक नोकरीतलं. ज्या गावच्या बाजारात गाडी थांबे, तिथलं भेदरं नाना डब्याबरोबर खात आणि अर्ध्याचं बी राखेत पिळून घरी आणत. म्हणून त्यांच्या जातींना गावांची नावं आहेत. जळगाव जामोद चपटं असतं आणि त्याला म्हाताऱ्या माणसाच्या चंचीसारख्या चुण्या असतात. रोहिणखेड बोराएवढं, पण घोसाने येतं. मेहकर लांबोडकं, जाड सालीचं, "भाजीत घाला, तोंडात नोका घालू" अशा दर्जाचं. कोणतं झाड कुठलं हे कळावं म्हणून नाना तेलाच्या कॅनच्या पट्ट्या कापून त्यांना भोकं पाडतात. एक भोक जळगाव जामोद, दोन भोकं रोहिणखेड, तीन मेहकर. ही पट्टी म्हणजे झाडाचं तिकीट. ती रोप लावतानाच गळ्यात अडकवली जाते.

आठवडी बाजारात सलीमभाई रोपं विकायला बसतात. नाना आणि सलीमभाईंचं संभाषण ऐकायला मी मुद्दाम कोथिंबीर निवडत शेजारी रेंगाळते.

"नाना, हे घेऊन जा. हायब्रीड हाय. पंधरा दिवस घरात ठेवलं तरी हलत नाही."

"सलीमभाई, पंधरा दिवस हलत नाही त्याले आमच्याकडं दगड म्हन्तेत."

"मंग तुमाले पाह्यजे तरी काय?"

"आंबट पाह्यजे."

"मागच्या खेपेले नेलं ते?"

"ते कमी पडलं."

"कमी पडलं? माह्या घरच्या पोरायनं तोंडात टाकून थुकलं ते." सलीमभाई माझ्याकडे वळले. "बाई, तुमी शेजारी राहता, जरा ध्यान ठेवा. हा मानूस एक दिवस बॅटरीतलं पानी पिईन."

नाना हसले, दोन रोपं घेऊन निघाले. काऊन इतकं आंबट पाहिजे, असं कोणी विचारलं तर त्यांचं एकच उत्तर असे, "मानसानं आंबट खावं."

पण हे खूळ पहिल्यापासूनचं नव्हतं. एके हिवाळ्यात नाना तापाने आजारी पडले. चांगलेच पडले. दवाखान्यातून घरी आले तेव्हा शर्ट खुंटीला टांगल्यासारखा अंगावर दिसत होता. हळूहळू सावरले आणि पुढच्या हंगामात त्यांनी परसातली गोडसर भेदरी सगळी उपटून टाकली. आम्ही म्हटलं, म्हातारपण आलं. कोणाला देव आठवतो, यांना आंबट आठवलं.

इथे नानांच्या जिभेविषयी सांगायला हवं. आमच्या गल्लीत कोणाकडेही पंगत असो, बारसं असो की रोडग्यांचं जेवण, वरणाला उकळी आली की आचारी पळी घेऊन नानांपुढे येई. नाना ओंजळ पुढे करत. त्यात थोडं वरण पडे. नाना ते पीत आणि आभाळाकडे पाहत, जणू तिथे गाड्यांचं वेळापत्रक टांगलेलं आहे. मग निकाल लागे. "मीठ एक स्टॉप मागं हाय." किंवा, "तिखट पुढं निंगून गेलं, त्याले थांबवा." आणि सगळं जागच्या जागी असलं की फक्त दोन शब्द, "डबल बेल." त्याशिवाय पत्रावळी मांडायची कोणाची छाती नव्हती.

घरी हे रोज दोन वेळा चाले. कुसुमकाकू भिंतीवरून माझ्याकडे तक्रार करत, "लगन झाल्यापासून एक दिवस या मानसानं गपचूप जेवन केलं नाही. मीठ इथं राह्यलं, हयद तिथं राह्यली. मी काय सयपाक करते का गाडी चालवते?"

पुढे आमच्या घरावर वरचा मजला चढला तेव्हा मी रोडगे ठेवले होते. गोवऱ्यांच्या आरात खरपूस भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण. सगळी गल्ली जमली. आचारी पळी घेऊन नानांपुढे आला. नानांनी ओंजळ पुढे केली, वरण प्यायले, आभाळाकडे पाहिलं. मग थोडा वेळ आचाऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. हे मला नंतर आठवलं. आणि म्हणाले, "डबल बेल."

पंगत बसली. पहिला घास सगळ्यांच्या तोंडात गेला आणि तिथेच थांबला. वरणात मीठच नव्हतं. आचाऱ्याला वाटलं भावाने टाकलं, भावाला वाटलं आचाऱ्याने. पण बोलणार कोण? डबल बेल झाली होती. जो तो आपल्याच जिभेवर संशय घेत मान खाली घालून अळणी वरण गिळत होता. माझे यजमान तर "वा, छान" असंही म्हणाले. शेवटी कोपऱ्यातून कोणीतरी विचारलं, "नाना, मीठ आज गाडीतच बसलं नाही काय?"

मग जी पंगत हसली ती थांबेचना. मीसुद्धा हसले. ताट हातात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. नानाही हसले. "जास्त मीठ तब्येतीले बरं नसते," म्हणाले, दोन रोडगे संपवले, हात धुतले आणि पान न घेता घरी गेले.

त्यानंतर नाना कोणाच्याच पंगतीला दिसले नाहीत. कधी गुडघा दुखे, कधी बी वाळत घालायचं असे. परसातले फेरे मात्र वाढले. भेदरं कापायचं आणि आमचे डोळे पाहायचे हे काम इतकं कसून सुरू झालं की लोक गल्लीच्या दुसऱ्या टोकाने जाऊ लागले.

एका दुपारी कुसुमकाकू पदरात भेदरी घेऊन माझ्याकडे आल्या. ती सांडशीच्या शेजारी ओतली आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

"तुमाले एक सांगू का? त्यायले चव नाही."

"कोणाला?"

"तुमच्या नानाले. त्या तापापासून. काहीच लागत नाही तोंडाले."

मी म्हटलं, "नाना म्हणाले असं?"

"ते कायचे म्हन्तेत. एक दिवस मी चहात साखर टाकाची इसरली. पेले. म्हटलं, ध्यान नसन. दुसऱ्या दिवशी मुद्दाम चमचाभर मीठ टाकलं. तेबी पेले. वरून म्हन्ते, मस्त झाला चहा." काकूंना हसू आलं आणि ते मधेच थांबलं. "मंग समजलं मले. पन मले समजलं हे त्यायले समजू देलं नाही."

"आणि हे आंबटाचं?"

"एक दिवस झाडायसंग बोलत होते. म्हने, बाकी नाही तं नाही, आंबट तरी पोचन."

मला त्या रोडग्यांच्या दिवशी नाना आचाऱ्याच्या तोंडाकडे का पाहत होते ते तेव्हा कळलं. रोज माझे डोळे का पाहतात तेही. त्यांना कळत नव्हतं म्हणून ते माझ्या डोळ्यांत चव वाचत होते.

"पहिले रोज दोन वेळा नावं ठेवाचे," काकू म्हणाल्या. "आता काईबी वाढलं तं मस्त. रोज मस्त. मले तं आयकवत नाही हो ते मस्त. अजूनबी रोज एका जिनसात मीठ कमी टाकते मी. पाहते, बोलतेत का."

त्या दिवसापासून मी खिडकी लावणं सोडलं. नाना हाक मारायच्या आधीच भिंतीपाशी जाऊन उभी राहू लागले. डोळे मात्र खोटे मिटले नाहीत. शाळेत मुलांना उगाच मार्क वाढवून दिले तर त्यांचं नुकसान होतं, हे मला ठाऊक आहे.

यंदा नानांच्या बागेवर बोकड्या रोग आला. पानं मुरडली, आखडली. नानांनी आंबट ताक शिंपडलं, राख उडवली, तरी जळगाव जामोदची अर्धी रांग गेली आणि रोहिणखेडचं तर एकच झाड उरलं. याच सुमारास भांडी घासायच्या दगडापाशी, खरकट्या पाण्यावर, एक रोप आपोआप उगवलं. नानांनी कंबरेवर हात ठेवून त्याची तपासणी केली.

"हे विनातिकीट हाय. कुठून बसलं, कोन जाने." आणि उपटायला वाकले.

"राहू द्या," काकू भांडी घासता घासता म्हणाल्या. "कोनाच्या मांडीवर नाही बसलं ते."

नाना थांबले. पण पट्टी बांधली नाही, आधाराची काडी दिली नाही. झाड दगडाला टेकून आपलं वाढलं. त्याला बोकड्याने शिवलंही नाही. पुढे त्याला वेडीवाकडी भेदरी लागली, देठाजवळ हिरवी ती हिरवीच राहिलेली.

रविवारची सकाळ होती. मी धुणं वाळत घालत होते. "मास्तरीणबाई, हे एक पाहून घ्या," नाना भिंतीपलीकडून म्हणाले, "त्या फुकट्याचं." चार फोडी झाल्या. मी एक तोंडात टाकली आणि माझे दोन्ही डोळे मिटले, खांदे कानाला लागले, ओला टॉवेल हातातून खाली पडला. डोळे उघडले तेव्हा नाना आपली फोड चावत होते. नेहमीसारखीच, शेंगदाण्यासारखी.

चावता चावता ते थांबले. डाव्या डोळ्याची पापणी थरथरली, माशी बसल्यासारखी. नानांनी दुसरी फोड घेतली. या वेळी डोळा मिटला.

दगडापाशी काकू भांडी घासत होत्या. त्यांचा राखेचा हात ताटावर थांबला होता. नाना दगडापाशी गेले, झाडावर होती नव्हती तेवढी पिकलेली भेदरी तोडली, काकूंपुढे ठेवली. "चटनी कर," म्हणाले.

शहाण्या माणसाने अशा वेळी आपल्या घरात जावं. मी गेले नाही. तेच दोन टॉवेल मी पुन्हा पुन्हा पिळत राहिले. आतून भेदरं भाजल्याचा, मग लसणाचा, मग मिरचीचा वास आला. काकूंनी भाकर आणि चटणीचं ताट आणून दिलं आणि दाराला धरून उभ्या राहिल्या. नाना पायरीवर बसले होते. त्यांनी घास घेतला, चावला आणि आभाळाकडे पाहिलं. वेळापत्रकाकडे. ती नजर मी त्या रोडग्यांनंतर पाहिली नव्हती.

"आंबट पोचलं," नाना म्हणाले. मग दुसरा घास घेऊन जरा कपाळाला आठी घातली. "मीठ एक स्टॉप मागं हाय."

काकूंनी पदर तोंडाला लावला. मग तो सोडला आणि भिंतीपाशी आल्या. मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होते, तरी गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "मास्तरीणबाई, आयकलं का वं? यायनं माह्या चटनीले नावं ठेवले."