वहिनींचं नाव बंद झालं

मंगळवारी सकाळी साडेनऊला, सगळ्यांची नावं जिच्या कॉम्प्युटरात असतात त्या कंपनीनं आमच्या समोरच्या वहिनींचं नाव बंद केलं. दारावरच्या पाटीवर त्यांच्या वारलेल्या मालकांचं नाव शाबूत, खालची ओळ कोरी. मी हाक मारायला गेले तर तोंडातून नुसती हवा.

एरवी 'वहिनी' म्हणून भागलं असतं. पण शुक्रवारी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, आणि दवाखान्यातली मुलगी म्हणाली, "बिननावाचा पेशंट कॉम्प्युटर घेत नाही, काकू."

म्हणून त्यांचा हात धरून मी कंपनीच्या कचेरीत गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी जातेच.

खिडकीतल्या साहेबांनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं. "यांच्याकडून रोज सकाळी सहाला दोनशे बारा जणांना शुभ सकाळचं फूल जायचं. सोमवारी गेलं नाही. म्हणजे नाव परक्याच्या हाती पडलं."

"अहो, दिसेना म्हणून नाही पाठवलं," वहिनी म्हणाल्या.

"तशी तक्रार आपल्या नावानं करा."

"ते तुम्हीच नेलंय ना!" मी म्हणाले. "यांच्या नवऱ्यानं तांदळात अंगठीनं लिहून ठेवलेलं नाव. तुम्ही कोण टिकोजीराव?"

"वापरायला दिलं होतं, बाई. अटी मान्य म्हणून यांनीच बोट दाबलंय." मग ते जरा मऊ झाले. "लग्नाआधीचं नाव सांगा. त्यावरून ओळख पटते का बघतो."

वहिनी लाजल्या. त्रेचाळीस वर्षांत त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. त्यांनी सांगितलं. साहेबांनी टाइप केलं.

"हे आमच्याकडे नव्हतंच. विनानोंद नाव बाळगलंत. तेही बंद केलंय. पुढचे, या!"

वहिनी रस्त्यातच रडल्या. "ते तरी माझं होतं गं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घरी येऊन मी आळीतल्या बायका जमवल्या, सगळ्यांचे मोबाइल पिठाच्या डब्यात कोंबले, वहिनींना पाटावर बसवलं आणि आत्या होऊन त्यांच्या कानात कुर्रर्र केलं. रीतीप्रमाणे बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घातले. राग कंपनीवरचा होता, त्यामुळे चांगलेच बसले.

शुक्रवारी डॉक्टरांनी त्या मुलीला कॉम्प्युटरवर टॉवेल टाकायला सांगितलं आणि कान पुढे केला. ऐकून चिकटपट्टीवर पेनानं नाव लिहिलं, वहिनींच्या मनगटाला लावलं. ऑपरेशन झालं. पट्टी मी बंबात घातली. वहिनींना आता कंपनीची पाटीसुद्धा लांबून स्वच्छ दिसते.

नवीन नाव इथं लिहीत नाही. तुम्ही हे कशावर वाचताय मला काय ठाऊक! हवं असेल तर घरी या, कान पुढे करा.