आधी डोळे कोणी उघडायचे?

शनिवारी सकाळी दहा वाजता बुआरेंगा गावच्या मनेआबात, म्हणजे सामायिक सभामंडपात, किरिबाटीच्या राष्ट्राध्यक्षपदाचे दोन उमेदवार, दोन चर्चचे पुढारी आणि झाडून सगळं गाव प्रार्थनेसाठी डोळे मिटून बसलं. बारा वाजले तरी एकानेही डोळे उघडले नव्हते.

कल्पना बाउरो हेडमास्तरांची!

रेडिओ केंद्राने उमेदवारांच्या वादविवादाचा विषय ठरवून पाठवला होता : ‘सरकारात धर्माला जागा किती?’ सूत्रसंचालक म्हणून बाउरो सरांचं नाव निघालं, तेव्हा त्यांनी छाती पुढे काढून बायकोला सांगितलं, “काही काळजी नाही. मी प्रोटेस्टंट, तू कॅथलिक. सत्तावीस वर्षं एका चुलीवर दोन चर्च शिजवतोय मी!”

“शिजवतं कोण?” तेरेंगाने विचारलं.

सरांनी तो प्रश्न विषयाला सोडून असल्याचं ठरवलं.

काळजी नाही असं ते म्हणाले खरे, पण काळजी होती आणि चांगली मोठी होती. तीन वर्षांपूर्वी ईस्टरच्या जेवणाआधी कोणाच्या चर्चने प्रार्थना म्हणायची यावरून गावात जी जुंपली, ती अजून मिटली नव्हती. केवड्याच्या पानांनी शाकारलेल्या एकाच छपराखाली आज्या-पणज्यांपासून बसणारं गाव आता दोन मनेआबांच्या गोष्टी करत होतं. कॅथलिकांनी खांबांसाठी माड तोडून किनाऱ्यावर रचले होते. प्रोटेस्टंटांनी छपराच्या झावळ्या विणून ठेवल्या होत्या. म्हणजे एकाकडे छपराशिवाय खांब आणि दुसऱ्याकडे खांबांशिवाय छप्पर! एकत्र आले असते तर झकास मनेआबा उभा राहिला असता. पण तसा एक गावात होताच.

दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी सरांना बजावलं होतं, “सभेत आमचा अपमान झाला, तर सोमवारी नव्या मनेआबाच्या खांबांचे खड्डे खणायला घेतो.” खड्डे पडले की सर एका छपराखाली बसणार आणि तेरेंगा दुसऱ्या. लग्नकार्यात, सभेत, मयताला, सगळीकडे. या विचाराने सरांना तीन रात्री झोप नव्हती.

शनिवारी सकाळी दोन्ही उमेदवार सरांच्याच घरी न्याहारीला होते. तेबानिया हे गृहस्थ अंगाने आणि आवाजानेही भारदस्त. भाजलेल्या नीरफणसाचा तुकडा हातात घेऊन ते म्हणाले, “मी निवडून आलो की मंत्रिमंडळाची प्रत्येक बैठक प्रार्थनेने सुरू होणार. आणि रविवारी समुद्रात जाळं टाकणं बंद! कायद्याने!”

“आणि शनिवारी समुद्र खवळला असला तर?” समोर बसलेल्या आरोइताबाईंनी विचारलं. बाई पूर्वी नर्स होत्या, बोलणंही सुईसारखं. “रविवारी पोरांनी काय खायचं? तुमचा कायदा?”

“देव बघेल ना, ताई.”

“मग सरकार कशाला हवं, दादा? घरी जाऊ सगळे.”

“बघा, सर! हिला देव नको आहे!”

“मला देव हवाय. तो घरात, चर्चमध्ये हवाय. फाइलीत नकोय!”

“मासा घ्या, मासा,” सर मध्ये पडले.

इतक्यात दारात प्रोटेस्टंटांचे पाळक इओआने आले. पाठोपाठ कॅथलिकांचे वृद्ध उपदेशक तेआबोही आले. दोघांचा प्रश्न एकच होता आणि दोघांनी तो एकमेकांकडे पाठ करून विचारला : सुरुवातीची प्रार्थना कोण म्हणणार?

प्रार्थनेशिवाय सभा सुरू करणं म्हणजे कपड्यांशिवाय सभेला जाणं. आणि दोघांपैकी एकाला बोलवावं, तर दुसरा तडक उठून खड्डे खणणार! अशा वेळी माणसाला एकतर ताप येतो किंवा कल्पना सुचते. सरांना कल्पना सुचली.

“कोणीच म्हणायची नाही,” ते म्हणाले. “सगळ्यांनी डोळे मिटून मनातल्या मनात म्हणायची. ज्याची त्याची.”

दोघांनी विचार केला. खोट सापडेना.

“पण संपली हे कसं कळणार?” तेआबो आजोबांनी विचारलं.

“सोपं आहे!” सर म्हणाले. “ज्याची संपेल तो डोळे उघडेल. सगळ्यांचे उघडले की सभा सुरू. कोणाचीही प्रार्थना अर्धवट तोडायची नाही.”

वाचकहो, दिसायला किती निरुपद्रवी वाक्य!

तर दहा वाजता डोळे मिटले गेले. पुढे पुरुष, मागे बाया, मधोमध चटईवर डोक्यावर चाफ्याच्या माळा घातलेले दोन्ही उमेदवार आणि त्यांच्यामध्ये ध्वनिक्षेपक. रेडिओवाला काबुआ कानाला यंत्र लावून खांबाशी बसला होता. कार्यक्रम थेट देशभर ऐकू जात होता.

पहिली दहा मिनिटं सर निश्चिंत होते. नंतर त्यांनी डावी पापणी केसभर वर केली. कोणीच डोळे उघडले नव्हते. पाळक भक्तीने डुलत होते. तेआबो आजोबा दगडासारखे स्थिर होते. आणि त्या क्षणी सरांच्या डोक्यात वीज चमकली आणि पोटात खड्डा पडला. पहिला खड्डा तोच!

जो आधी डोळे उघडेल, त्याची भक्ती तोकडी ठरणार! पाळकांनी उघडले तर प्रोटेस्टंट हरले, आजोबांनी उघडले तर कॅथलिक. तेबानियांनी उघडणं शक्य नव्हतं. मंत्रिमंडळात प्रार्थना करायला निघालेला माणूस गावकऱ्यांच्या आधी दमला, असं झालं असतं. आरोइताबाई तर मुळीच उघडणार नव्हत्या. त्यांना आधीच लोक नास्तिक म्हणत होते. आणि स्वतः सरांनी डोळे उघडून सभा सुरू केली, तर कोणाची ना कोणाची प्रार्थना अर्धवट तुटणार होती.

पाठीत एक बोट टोचलं. “अहो,” मागून तेरेंगा कुजबुजली, “डोळे मिटा!”

“तुला कसं दिसलं?”

बोट झटकन मागे गेलं.

“पाठीवरून कळतं,” तेरेंगा म्हणाली.

असं ते गाव सापळ्यात सापडलं होतं. दुसऱ्याचे डोळे उघडे आहेत असं म्हणायची सोय नाही, कारण म्हणणाऱ्याने ते बघितले कशाने?

अकराच्या सुमाराला काबुआ सरांच्या कानाशी आला, अर्थात डोळे मिटूनच, चटई चाचपडत. “सर, राजधानीतून विचारताहेत, आवाज का येत नाही?”

“प्रार्थना चालू आहे म्हणून सांग.”

काबुआने सांगितलं. सरळ साधं उत्तर! पण पलीकडच्या निवेदकाने ते देशाला सांगताना आवाज खाली घेतला : “श्रोतेहो, बुआरेंगात संपूर्ण गाव आणि दोन्ही उमेदवार एक तासापासून मौन प्रार्थनेत आहेत.” आणि मग तोही गप्प झाला.

त्यानंतर काबुआच्या कानात ज्या बातम्या येऊ लागल्या, त्या तो सरांना कुजबुजत सांगत गेला. शेजारच्या बेटावर लोकांनी रेडिओभोवती बसून डोळे मिटले. लाँचवाल्याने भर पाण्यात इंजिन बंद केलं. राजधानीत एका दुकानदाराने देशात कोणीतरी मोठं माणूस गेलं असं समजून दुकान बंद केलं, ते बघून शेजारच्याने केलं, आणि आता अख्ख्या बाजारात पाव मिळत नव्हता!

“बापरे,” सर म्हणाले. त्यांना भीती वाटत होती, पण नुसती भीती नव्हती. इतक्या वर्षांत त्यांनी मनेआबात कधी असं काही ऐकलं नव्हतं. छपराची पानं एकमेकांवर घासत होती. एका बाजूला बाहेरचा समुद्र खडकांवर आपटत होता, दुसऱ्या बाजूला बेटाच्या आतलं उथळ पाणी वाळूवर चुळुक चुळुक करत होतं. तीनशे माणसांचा श्वास एकत्र वर जात होता आणि खाली येत होता. एरवी इथे दोन माणसं बसली की तीन मतं निघायची!

मग डुक्कर आलं.

ते मधल्या रिकाम्या जागेतून एखाद्या मंत्र्यासारखं चालत आलं. हाकलणार कोण? हाकलायला आधी दिसायला हवं! त्याने उमेदवारांचा वास घेतला, तेबानियांना पसंत केलं आणि त्यांच्या डोक्यावरची चाफ्याची माळ एका बाजूने खायला सुरुवात केली.

तेबानिया हलले नाहीत. घामाचा ओघळ कानामागून निघून गळ्यापर्यंत गेला, पण पापणी हलली नाही. मनेआबात जितके लोक चोरून बघत होते, म्हणजे जवळजवळ सगळेच, त्यांच्या तोंडून आदराचा एक दबका हुंकार निघाला.

“तेबानियादादा,” आरोइताबाई कुजबुजल्या, “जेवायला बसलात की काय?”

“मी नाही. डुक्कर आहे.”

“म्हणजे तुम्ही डोळे उघडलेत!”

“वासावरून कळलं हो, ताई!”

“मग हाकला ना त्याला.”

“प्रार्थनेत आहे मी.”

“बोलताय की माझ्याशी!”

“तुम्हीच सुरुवात केलीत.”

दोघांच्या मध्ये ध्वनिक्षेपक होता, हे दोघंही विसरले होते. काबुआने ते ओळखलं आणि यंत्राकडे हात नेला. सरांनी तो हात वरच्यावर धरला. का धरला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

“एक विचारू, दादा? खरं सांगा. दोन तास काय प्रार्थना केलीत?”

डुक्कर चावत होतं.

“पहिला अर्धा तास देशासाठी,” तेबानिया म्हणाले. “मग पायासाठी. पायाला मुंग्या आल्यात माझ्या. आणि मग, तुम्ही डोळे उघडावेत म्हणून.”

मनेआबात हसू पसरलं. पण कसं! तीनशे माणसं डोळे मिटून, ओठ दाबून, पोट धरून हसत होती. छप्पर हलल्यासारखं वाटलं.

“माझंही तेच,” आरोइताबाई म्हणाल्या. “पण त्याआधी आमच्या विहिरीसाठी केली. खारी झालीये. नर्स होते तेव्हा उकळून प्या म्हणून सांगायचे. मीठ उकळून जात नाही.”

“आमचीही झाली,” तेबानिया हळूच म्हणाले. “गेल्या वर्षी.”

“मग प्रचारात का बोलत नाही?”

“लोकांना काय सांगू? माझ्याकडे उपाय नाही. देवाचं नाव घेतलं की निदान कोणी उपाय विचारत नाही.”

“हे बरोबर नाही, दादा.”

“नाहीच. पण तुम्ही देवाला बाहेर काढणार. मग सत्तेतला माणूस घाबरणार कोणाला?”

“मतदाराला.”

“मतदाराला तांदळाचं पोतं देता येतं, ताई. देवाला देता येत नाही.”

“हे मात्र खरं आहे,” आरोइताबाई म्हणाल्या. “पण सरकारने प्रार्थना करायची ती कोणाची? पाळकांची की आजोबांची? आज साध्या सभेची ठरली नाही.”

“म्हणून तर डोळे मिटून बसलोय,” तेबानिया म्हणाले.

काबुआच्या गालावरून पाणी वाहत होतं. “सर,” तो म्हणाला, “सगळा देश ऐकतोय.”

सरांनी पापणीच्या फटीतून समोर पाहिलं आणि त्यांचा स्वतःच्या डोळ्यावर विश्वास बसेना. पाळक इओआने बसल्या जागेवरून इंच इंच सरकत तेआबो आजोबांच्या शेजारी पोचले होते. ईस्टरपासून हे दोघं एका होडीत बसले नव्हते.

“आजोबा,” पाळक पुटपुटले, “संपली का तुमची?”

“तुमची?”

“माझी केव्हाच संपली.”

“मग उघडा.”

“तुम्ही वडीलधारे. तुम्ही उघडा.”

“मी उघडले तर आमची माणसं खड्डे खणतील.”

“मी उघडले तर आमची.”

“मग बसू या,” आजोबा म्हणाले. “तुमची पाठ जरा इकडे घ्या. माझ्या पाठीला टेका होईल.”

पाळकांनी पाठ सरकवली. आजोबा टेकले. सरांनी चिमूटभर जरी आवाज केला असता, तरी ते दृश्य मोडलं असतं.

मागे मात्र स्वयंपाकाची पंचाईत झाली होती. जमिनीतल्या भट्टीत पुरलेल्या मांसाचा वास मनेआबात शिरत होता आणि तीनशे पोटं आता उघडपणे बोलू लागली होती.

“अहो,” तेरेंगाचं बोट पुन्हा टोचलं, “भट्टी उघडायला हवी. करपेल सगळं.”

“मग उघड.”

“मिटल्या डोळ्यांनी? हात भाजून घेऊ? तुम्ही सभा सुरू करा ना. तुम्हीच सूत्रसंचालक!”

“आणि कोणी उठून गेलं म्हणजे?”

तेरेंगाने बोट काढून घेतलं आणि पूर्ण तळवा सरांच्या पाठीवर टेकवला. “करपू दे,” ती म्हणाली.

दुपारी तीन वाजता उमेदवार रविवारच्या मासेमारीच्या मुद्द्यावर आले होते. आजारी माणूस आणि लहान मूल ज्या घरी आहे, त्या घराला सूट द्यायला तेबानिया तयार झाले होते. बदल्यात मंत्रिमंडळाची बैठक दोन मिनिटांच्या मौनाने सुरू करायला आरोइताबाईंची ना नव्हती. मात्र मौन कोण संपवणार, हे आधी लेखी ठरवायचं. डुक्कर तेबानियांची माळ संपवून बाईंच्या माळेकडे वळलं होतं. ते कोणाचं, याचा अजून पत्ता नव्हता. पाचच्या भरतीला उमेदवारांना घेऊन जाणारी लाँच किनाऱ्याला लागली होती आणि लाँचवाल्यानेही, खबरदारी म्हणून, डोळे मिटले होते.

चारला राजधानीतून नवा निरोप आला. काबुआने तो दोनदा ऐकला, मग सरांच्या कानात सांगितला.

“सर, आवाज एकदम स्पष्ट येतोय म्हणतात. फक्त श्रोते विचारताहेत, वादविवाद कधी सुरू होणार?”

सरांनी एकवार सगळीकडे नजर फिरवली. तीनशे माणसं जागच्या जागी होती. एकही उठलेला नव्हता. मग त्यांनी डावा डोळाही घट्ट मिटून घेतला.