जायला जवळ, यायला लांब

आमच्या मल्लिनाथअप्पांचं ठाम मत आहे की अमेरिका जायला जवळ आणि यायला लांब आहे.

अप्पांचं सोलापूरच्या नवी पेठेत चादरींचं दुकान होतं. आता ते जुळे सोलापूर वस्तीत आमच्या समोरच्या घरात एकटेच राहतात. प्रवास ते शिदोरीत मोजतात. पुणं एका शिदोरीचं, मुंबई दोन शिदोऱ्यांची. एकुलती लेक गौरी सॅन फ्रान्सिस्कोला नोकरीला गेली आणि हे माप बिघडलं.

"मास्तर, हे गौरीचं तिकीट बगा की," चष्मा कपाळावर चढवून ते एका सकाळी आले. "मुंबईतनं दुपारी निघती, त्याच संध्याकाळी तितं उतरती. म्हंजे पुण्याएवढंच झालं. आन् येताना? सोमवारी रात्री बसली तर बुधवारी पहाटं मुंबईत! हिशेब लागंना की!"

मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला. हौसेने मोसंबी आणली, टाचणी टोचून मुंबई केली, मागच्या बाजूला अमेरिका केली आणि बॅटरीचा सूर्य लावला. "अप्पा, विमान दोन्हीकडे जवळपास सारखंच उडतं. घड्याळं वेगळी आहेत." इथपर्यंत ठीक होतं. पण मोसंबी मी उलटी फिरवली की काय, कोण जाणे, गौरी निघायच्या आदल्या दिवशीच पोचली! पुन्हा फिरवली, तर ती मुंबईतच राहिली. शेवटी अप्पांनी सूर्य विझवला, मोसंबी सोलली आणि अर्धी मला दिली.

"ऱ्हाऊ द्या मास्तर. जाताना उतार असंल."

मग त्यांनी कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याला विचारलं. तो म्हणाला, येताना ट्रॅफिक असंल. माझ्या मोसंबीपेक्षा हे अप्पांना जास्त पटलं, आणि खरं सांगतो, थोडंसं मलाही.

यंदा बऱ्याच वर्षांनी गौरी आली. आठवडाभर घर गाजलं. ती परत निघाली त्या दिवशी मुंबईची गाडी दारात उभी, आणि अप्पा आतून कडक भाकरीची भलीमोठी चवड आणि शेंगा चटणीचा डबा घेऊन आले.

"अप्पा, एवढ्या कशाला?" गौरी हसली. "तुमच्याच हिशेबाने मी संध्याकाळी पोचते ना!"

अप्पा हसले नाहीत. "वरच्या दोन जायच्या. खालच्या समद्या यायच्या वाटंच्या. ते लई लांब हाय, बाळ."

गौरीने बॅग उघडली, नवे बूट काढून पायरीवर ठेवले आणि सगळी चवड आत बसवली.

गाडी वळली तरी अप्पा फाटकाशी उभेच होते. मला फार वाईट वाटत होतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "अप्पा, तोवर टिकतील का हो भाकरी?"

"भाकरी टिकंल की, मास्तर," पायरीवरचे बूट उचलत ते म्हणाले. "मी टिकलो पायजे."