दोन्ही बाजूंचा ॲडमिन

निःपक्षपातीपणा माझ्या रक्तातच आहे! चष्म्याच्या दुकानात बावीस वर्षं मी डोळे तपासतोय. दिवसभर एकच प्रश्न विचारतो, "ही काच बरी की ही?" गिऱ्हाईक म्हणेल ते खरं, आपलं मत शून्य. अशा माणसाला कुंडीत झाडं लावणाऱ्यांच्या ऑनलाइन गटाचं ॲडमिन केलं, तर गटाचं भलंच होणार की नाही? मला तरी तसं वाटलं होतं.

आमच्या गटात तीनशे दहा माणसं. ॲप असं, की खरं नाव लागत नाही, टोपणनाव चालतं. मी आल्या आल्या नियम केले. पहिला नियम माझा लाडका: 'उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत मांडा. तो "हो, हेच" म्हणाला, तरच पुढं बोला.' शिवाय तक्रारीचं एक बटण बसवलं. ते दाबलं की आपोआप उत्तर जायचं: 'आपली तक्रार मिळाली. वादाला दोन बाजू असतात. तथापि, समोरच्याची बाजूही समजून घ्यावी. आपला दिवस आनंदात जावो!' हे लिहून झाल्यावर मी बायकोला दोनदा वाचून दाखवलं होतं. दुसऱ्यांदा ती उठून गेली.

आता भांडण. गटात एक नर्सताई आहेत. माझं लिंबाचं रोप मरायला टेकलं होतं, ते त्यांनी तीन महिने फोटो मागवून मागवून जगवलं. त्यांनी एकदा सविस्तर लिहिलं, की कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका, मुळं कुजतात. त्यावर पंपकाकांनी (निवृत्त इंजिनियर, आयुष्य पाण्याच्या पंपांत गेलेलं) चारच शब्दांत उत्तर दिलं, "पुरे ही बायकी बडबड!"

नर्सताईंनी लिहिलं, "माझा सल्ला चुकला असेल तर तसं सांगा. हा शब्द माझ्यासाठी वापरू नका."

झालं! पुढच्या तासाभरात 'बायकी बडबड'ची त्रेचाळीस चित्रं गटात पडली. कुणी बदक पाठवलं, कुणी भोंगा. काहींनी त्यांना खाजगीत गाठून नको ते लिहिलं. ताईंनी तक्रारीचं बटण दाबून मला कळवलं, "वॉर्डमधून चहाला वीस मिनिटं सुटते. दिवसातली तेवढीच माझी. त्यात मला हे नको आहे. रविवारपर्यंत काय ते करा, नाहीतर मी गट सोडते."

त्यांना उत्तर गेलं, वादाला दोन बाजू असतात. आपला दिवस आनंदात जावो!

तरी मी गप्प बसलो नाही हं! गुरुवारी जाहीर चर्चा ठेवली. विषय: 'तो शब्द योग्य की अयोग्य?' काकांच्या बाजूनं बावीस जण धावून आले. ताई म्हणाल्या, "माझी वीस मिनिटं मी ह्यात घालवणार नाही." म्हणजे दुसरी बाजू रिकामी! एकच काच लावून डोळे कसे तपासणार? मग मला ती कल्पना सुचली, आणि सुचली तेव्हा मी स्वतःवर बेहद्द खूष झालो. मी माझ्याच फोनवर दुसरं खातं काढलं. टोपणनाव 'निवडुंग', लिंग स्त्री. ताईंची बाजू आता मी मांडणार!

निवडुंगबाईंनी अगदी नम्र सुरुवात केली. "काकांचा अनुभव मोठा आहे. तथापि, मुद्दा ताटलीचा होता."

पाच मिनिटांत फोन असा थरथरायला लागला, की काउंटरवरच्या चष्म्याच्या फ्रेमा वाजू लागल्या. "ह्या बाईंना कुणी विचारलं?" "वहिनी, रागावू नका, तब्येतीला बरं नसतं." "नवरा ऐकत नाही वाटतं घरी!" मी बाई होऊन पाचच मिनिटं झाली होती, आणि एवढ्यात मला नवरा मिळाला होता आणि तो माझं ऐकतही नव्हता!

शुक्रवारी दुपारी शेजारचे दातांचे डॉक्टर नेहमीसारखे डबा खायला दुकानात आले. माणूस लाख मोलाचा. माझी अक्कलदाढ त्यांनी गप्पा मारता मारता काढली होती.

"ती निवडुंग पाहिलीत का?" पोळीचा तुकडा मोडत ते म्हणाले. "चांगली सरळ करतोय मी तिला!"

"कशी?" मी विचारलं.

"बघाच!" त्यांनी टाइप केलं. माझ्या खिशात फोन वाजला.

"तुमचा वाजतोय," डॉक्टर म्हणाले.

"गिऱ्हाईक असेल," मी म्हणालो. त्यांनी आणखी टाइप केलं. खिसा आणखी वाजला.

"फारच मागे लागलंय हो तुमचं गिऱ्हाईक!"

डॉक्टर गेल्यावर मी वाचलं. 'एवढा राग बरा नव्हे. दिसता कशा ते तरी कळू द्या. फोटो पाठवा.' खाली डोळा मारणारा चेहरा. खरं सांगतो, मला हसू आलं नाही. ते मला लिहिलेलं नाही हे ठाऊक असूनही अंगावर पाल पडल्यासारखं वाटलं. घरी जाईपर्यंत तसले आणखी सहा आले. सातव्याला मी रागाच्या भरात, निवडुंगाच्याच खात्यावरून, तक्रारीचं बटण दाबलं.

लगेच उत्तर आलं. 'आपली तक्रार मिळाली. वादाला दोन बाजू असतात. तथापि...'

आपला दिवस आनंदात जावो, म्हणे! कोण हा निर्दयी माणूस, असं क्षणभर खरंच माझ्या मनात आलं.

मी फोन टेबलावर आपटून तोंड धुवायला गेलो. परत येतो तर बायको कमरेवर हात ठेवून उभी.

"अहो, हा कोण तुमचा फोटो मागतोय? आणि 'लाजता काय एवढ्या' म्हणजे काय?"

आता काय सांगणार? सगळं सांगून टाकलं. ती पोट धरून हसेल, अशी माझी अपेक्षा होती. ती खुर्ची ओढून बसली.

"म्हणजे तुम्ही दोन दिवस बाई झालात आणि रडकुंडीला आलात."

"अगं, भयंकर लिहितात गं!"

"आणि नर्सताईंनी हेच सांगितलं, तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

मी पुटपुटलो, "समोरच्याची बाजू समजून घ्या."

बावीस वर्षांत एवढी लाज मला वाटली नव्हती.

रविवारी सकाळी मी माफीनामा लिहायला बसलो. चार वेळा खोडला, पाचव्यांदा डोळे मिटून धाडून दिला: 'ॲडमिन म्हणून मी चुकलो. एका सभासदाला त्रास होत होता, आणि मी चर्चा भरवत बसलो. त्रास देणाऱ्यांचे संदेश काढले आहेत, त्यांना ताकीद दिली आहे. तथापि, हे मी पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.'

झकास! फक्त तो गेला निवडुंगाच्या खात्यावरून.

गटाला अर्थ लागायला दोन मिनिटं गेली. मग पंपकाका: "म्हणजे मी तीन दिवस ॲडमिनला वहिनी म्हणत होतो?" त्याच्याखाली ओळ उमटली, 'दंतवैद्य यांनी गट सोडला.'

मग नर्सताई आल्या. "निवडुंग कोण ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. गटात 'तथापि' लिहिणारा माणूस एकच आहे. म्हटलं, बघू किती टिकताय. मला वाटलं होतं, आठवडा तरी काढाल."

मी घाईघाईनं लिहिलं, "ताई, माफ करा."

"माफीचं नंतर. तुमचा पहिला नियम पाळा. माझं म्हणणं काय होतं, सांगा."

मी लिहिलं, "आपल्याला एक शब्द खटकला."

"नाही."

"आपल्या भावना दुखावल्या."

"नाही."

आयुष्यभर मी लोकांना 'ही बरी की ही' विचारलं, आणि आज काच बदलायची पाळी माझ्यावर आली होती! ताईंचा पहिला संदेश काढून पुन्हा वाचला. मग लिहिलं, "तुम्ही झाडाबद्दल बोललात. उत्तर तुमच्याबद्दल आलं. मग ते चाळीस जणांकडून आलं. ते थांबवायचं काम माझं होतं, आणि मी मध्ये उभा राहून मोजमाप घेत बसलो."

मी घड्याळाकडे बघत बसलो. चहाची वीस मिनिटं संपली की काय, असं वाटलं.

"हो," त्यांनी लिहिलं. "हेच."

मग पंपकाकांची पाळी. ते बिचारे अडखळत लिहू लागले. "तुमचं म्हणणं, ताटलीत पाणी साचतं. माझं म्हणणं होतं, साचत नाही. आत्ता माझी कुंडी उचलून पाहिली." थोड्या वेळानं, "साचतं. तो शब्द मी मागे घेतो. ताटली फेकून दिली आहे."

सोमवारी डॉक्टर डबा घेऊन दारात उभे राहिले, आत येईनात. मीच म्हणालो, "या, पण आधी ताईंची माफी मागा. त्यांनी दाखवलेल्या संदेशांत तुमचेही दोन निघालेत." त्यांनी माझ्यासमोर लिहिली. मगच डबा उघडला.

नर्सताई राहिल्या, इतकंच नाही तर एकमतानं ॲडमिन झाल्या. मी साधा सभासद झालो. आता तक्रारीच्या बटणाचं उत्तर त्यांनी बदललंय: 'वॉर्डमध्ये आहे. चहाला सुटले की स्वतः वाचेन.' आणि खरंच वाचतात हो!

परवा मी गटात लांबलचक लिहिलं, की माझ्या लिंबाची पानं पुन्हा पिवळी पडतायत. चहाच्या वेळी खाजगीत त्यांचं उत्तर आलं. दोनच शब्द: 'फोटो पाठवा.'

माझ्या हातून फोन निसटला.

बायकोनं खाली वाकून फोन उचलला, वाचला आणि माझ्या हातात दिला.

"अहो, लिंबाचा!"