पटेल असं हत्यार

"दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात तलवार?" संपादकबाईंनी फोनवर विचारलं. "घरमालक भिंतीत खिळा ठोकू देत नाही म्हणून मागच्याच प्रकरणात तुमचा नायक रडत होता. मग तलवार टांगली कशाला? वाचकाला पटेल असं हत्यार आणा. चारपर्यंत प्रकरण टेबलावर नसलं, तर पुढच्या अंकापासून तुमच्या जागेवर शब्दकोडं."

साप्ताहिकात अकरा वर्षं रहस्यकथा लिहून लेखकाने कमावलेलं नाव आता आडव्याउभ्या चौकोनांत गाडलं जाणार होतं. दुपारचा एक वाजला होता. त्याने उशीवर छत्री हाणून पाहिली, तर छत्रीच मोडली. इस्त्री उगारली, तर वायर पुरेना.

"अहो, माझ्या घरात मारामाऱ्या नकोत," बायको म्हणाली. "हार्डवेअरच्या दुकानात जा."

लेखकाला एक खोड होती. कथेतल्या माणसांबद्दल तो खऱ्या माणसांसारखंच बोलायचा. घरच्यांच्या ते अंगवळणी पडलं होतं. दुकानदाराच्या पडलेलं नव्हतं.

"डोक्यात घालायला काही आहे?"

"हेल्मेट दाखवू?"

"छे हो! मेहुण्याच्या डोक्यात. मरायला नको, पण निदान दोन पानं तरी उठता कामा नये."

दुकानदाराने काउंटरवरचा हातोडा हळूच खाली सरकवला. "असं... काय केलं त्यांनी?"

"सगळं घर गिळलं! बायकोचा भाऊ म्हणून आजवर सोडला. आज मात्र चारच्या आत निकाल लावायचा." लेखकाने एक भलामोठा पाना उचलून हवेत फिरवला. "हा एका हाताने झेपेल ना?"

आता या लेखकाला एक खराखुरा मेहुणाही होता, आणि त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान नेमकं समोरच होतं. दुकानदार पाइपांच्या आड गेला आणि त्याने फोन लावला. "मागच्या दाराने पळा. तुमचे भावजी पाने बघताहेत."

मेहुणा मुळात भित्रा. पण प्रश्न सख्ख्या बहिणीच्या संसाराचा होता. तो नुकताच जेवायला बसत होता. न उघडलेला डबा हातात तसाच घेऊन त्याने रस्ता ओलांडला.

"भावजी, काय असेल ते बसून बोलू. ताईला बोलावू का?"

लेखकाचा चेहरा उजळला. अंदाज घ्यायला आयतं डोकं चालून आलं होतं. "बरा आलास! जरा पाठ फिरव बघू. एकच मिनिट लागेल," असं म्हणत त्याने पाना उचलला.

मेहुण्याने डोळे गच्च मिटले आणि तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा होता नव्हता तेवढा जोर लावून फिरवला.

लेखक रंगाच्या डब्यांवर आडवा झाला. मेहुणा रडायच्या बेतात होता. तेवढ्यात लेखक उठून बसला, कपाळावर हे एवढं टेंगूळ घेऊन. "डबा!" तो आनंदाने ओरडला. "घाबरलेला माणूस हत्यार निवडतोय कशाला? हातात असेल तेच हाणतो! कागद द्या, कागद!"

दुकानदाराच्या पावतीपुस्तकाच्या पाठकोऱ्या पानांवर त्याने तिथेच बसून प्रकरण लिहून काढलं. घडलं तसंच लिहिलं, फक्त मार नायकाला खायला लावला आणि शेवटी त्याला उठवून थेट कचेरीत धाडलं. मेहुणा त्याच्या कपाळावर ओला रुमाल धरून "ताईला सांगू नका" एवढंच म्हणत होता.

चारला पाच मिनिटं कमी असताना, टोपी कपाळावर ओढून लेखक संपादकबाईंच्या टेबलासमोर उभा राहिला. बाई वाचत होत्या. हातातली लाल पेन्सिल कागदावर टेकायची, थांबायची, पुढे सरकायची. लेखकाचा श्वासही तिच्याबरोबर थांबत होता.

"डबा पटला," बाई अखेर म्हणाल्या. लेखकाचा जीव भांड्यात पडला. "पण एवढा मार खाऊन तुमचा नायक उठतो काय, कचेरी गाठतो काय! हे कुणाला पटणार?"

"न पटायला काय झालं?" लेखकाने तावातावाने टोपी काढली. "हे बघा, मी स्वतः..."

एवढं बोलून तो धाडकन खाली कोसळला.

डोळे उघडले तेव्हा संपादकबाई त्याच्याच प्रकरणाने त्याला वारा घालत होत्या. शेवटच्या परिच्छेदावर लाल फुली होती.

"बघा," बाई प्रेमाने म्हणाल्या. "मी म्हणत नव्हते?"