आत्या विहिरीत उतरल्या

आमच्या गावात "मी हाय ना!" हे तीन शब्द कानावर पडले की माणसं दारं लावून घेत. धीर देणारे शब्द आहेत हे, मान्य. पण ते आत्यांच्या तोंडून आले की कुणाच्या ना कुणाच्या घरात काहीतरी होणार, हे नक्की असे.

आत्या म्हणजे अख्ख्या गावाच्या आत्या. घाटनांदूरकडं दिलेल्या, तरणेपणीच नवरा गेला म्हणून माहेरी परत आलेल्या. पुढं भाऊ पोटासाठी पुण्याला गेला आणि आत्या पाटोद्याकडच्या आमच्या या माळावर एकट्या उरल्या. स्वतःच्या घरात काम उरलं नाही, म्हणून त्यांनी दुसऱ्यांची घरं धरली.

माझी आई तापानं पडली तेव्हा आत्या न बोलावता आल्या. "मी हाय ना, तू जा डेअरीवर," म्हणाल्या आणि चुलीवर काढा ठेवला. त्यात काय होतं ते देवाला ठाऊक, पण वासानं आमचा कुत्रा शेजाऱ्याकडं राहायला गेला. दुसऱ्या दिवशी आई उठून भाकऱ्या थापत बसलेली. मी म्हटलं, "बरं वाटतंय का?" आई कुजबुजली, "न्हाई रे. पर तिला सांग बरं वाटतंय म्हणून."

ऊसतोडीला जाणारी माणसं घराच्या किल्ल्या आत्यांकडं ठेवून जात. आत्या किल्ल्या नुसत्या ठेवत नसत. घर उघडून, सारवून, सगळं सामान "नीट" लावून टाकत. माणसं परत आली की पुढचा महिनाभर आपल्याच घरात तवा शोधत हिंडत.

मी दूध संस्थेत मापाला होतो. एकदा मी जेवायला गेलो तेवढ्यात आत्यांनी फॅट काढायला ठेवलेल्या नमुन्याच्या बाटल्या घासूनपुसून लख्ख केल्या. "कसल्या घाण झालत्या!" म्हणाल्या. त्या दिवशी सगळ्या गावाच्या म्हशींचं फॅट एकच लावावं लागलं.

हे सगळं गाव हसत सोसत होतं. पण त्या वर्षी दुष्काळ पडला आणि त्यातच दूध संस्थेची निवडणूक झाली. मारोतीनाना जिंकले, श्रीपतीबापू हरले. बापूंची विहीर गावात सगळ्यात खोल. वाईट सालांत सारं गाव तिथूनच पाणी प्यायचं. बापूंनी तिच्या काठावर बाभळीच्या काट्या लावल्या. नानांनी संस्थेच्या चारा छावणीत "जागा न्हाई" म्हणून बापूंची जनावरं परत धाडली. माझ्या डेअरीपुढंसुद्धा दुधाच्या दोन रांगा लागायला लागल्या आणि एका रांगेतला माणूस दुसऱ्या रांगेतल्याला खोकूनही दाखवीना.

आत्या बापूंकडं गेल्या. "बापू, हिरीतला गाळ काढ. खाली पाणी हाय."

"मान्सं कुठून आणू?" बापू म्हणाले. "निम्मं गाव ऊसतोडीला, निम्मं त्या नानाच्या मागं."

"मी हाय ना!"

बापू हसले. तिथंच चुकलं त्यांचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध मापत होतो. बापूंची सून धापा टाकत आली. "आत्या हिरीत हायत!"

दुष्काळात बाई विहिरीत आहे म्हटल्यावर माणसाच्या मनात एकच येतं. माझ्या हातातलं माप गळून पडलं. दोन्ही रांगा मोडल्या. नाना अनवाणी पळाले. मला फक्त एवढंच आठवतं, की पळताना मी मनात घोकत होतो, तो काढा मी निदान एकदा तरी पिऊन बघायला पाहिजे होता.

काठावरच्या काट्या बाजूला सारलेल्या होत्या. खाली वाकून बघायची कुणाची छाती होईना. तेवढ्यात खालून आवाज आला, "कोण आलंय बे? हे खोरं लहान पडतंय. दुसरं टाका!"

आत्या गुडघ्याच्या वर चिखलात रुतून घमेलं भरत होत्या. पायऱ्या अर्ध्यावर संपत होत्या. तिथून त्यांनी खाली उडी घेतली होती. वर कसं यायचं, याचा विचार त्यांच्या स्वभावात बसत नव्हता.

शेवटी बाज आणली. चार पायांना चार दोर बांधून खाली सोडली. दोन दोर बापूंच्या माणसांकडं, दोन नानांच्या. आत्या बाजेवर बसल्या आणि ओढाओढ सुरू झाली. पण दोन्ही पार्ट्यांचं बोलणं बंद! बापू मला म्हणाले, "त्यास्नी सांगा, दमानं वढा." मी नानांना सांगितलं. नाना म्हणाले, "त्यास्नी म्हणावं, आधी तुमी वढा." मी ते पोचवेपर्यंत बाज तिरकी झाली आणि आत्या एका कडेला घसरल्या.

"नाना, दोर वढताय का मिशीला पीळ देताय?" आत्या ओरडल्या. लोक हसले. पण बाज मध्येच गरगरा फिरायला लागली, एक दोर कपारीला घासायला लागला, आणि हसू थांबलं. आत्यांनी दोन्ही हातांनी बाजेचं लाकूड धरलं होतं.

तेवढ्यात बापूंची म्हातारी आई काठी टेकत काठावर आली. तिला धड दिसत नव्हतं. ती विहिरीच्या तोंडाशी बसली आणि केवढ्यांदा तरी ओरडली, "गये! अगं ए गये! घट्ट धर, माझे बाई!"

खालून चाललेली आत्यांची बडबड एकदम बंद झाली.

त्या शांततेत नानांचा आवाज फुटला, "बापू, ढील दे! दोर तुटंल!"

"दिली, नाना! आता वढा, संगंच वढा!"

आत्या वर आल्या, चिखलाच्या पुतळ्यासारख्या. नानांनी आणि बापूंनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून उतरवलं आणि मग दोघंही मिळून त्यांच्यावर असे खेकसले की बघत राहावं. त्या भांडणात दोघांचं पहिल्यांदाच एकमत होतं.

माणसं जमलीच होती, दोर होते. दुपारपासून गाळ निघायला लागला, तो काही दिवस निघतच राहिला. तळाशी एका कडेनं झरा लागला. मोठा नव्हता, पण गावाचे हंडे भिजवण्याइतका होता. बापूंची जनावरं छावणीत आली. डेअरीपुढं रांग एकच झाली आणि त्यात पूर्वीसारखी रेटारेटी सुरू झाली तेव्हा मला जरा बरं वाटलं.

एका संध्याकाळी मी आत्यांना म्हटलं, "जीव गेला असता तुमचा. आणि म्हातारीनं हाक मारल्यावर गप कावून झालतात? मला वाटलं चक्कर आली."

आत्या पदराचं टोक पिळायला लागल्या. "आई गेल्यापास्नं त्या नावानं कुणी हाक मारली न्हवती बग," म्हणाल्या. "समदे आत्याच म्हंतेत. मी तर इसरूनच गेलते."

त्यानंतर आत्या रोज दिवस कलताना बापूंच्या ओसरीवर दिसायच्या. दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकलं की खराटा नाहीतर उखळ शोधणारी ही बाई तिथं हात मांडीवर ठेवून नुसती बसलेली असायची. म्हातारीचं आता सगळं विसरायचं वय. ती घडीघडीला विचारायची, "गये, आलीस का गं?"

आणि आत्या दर वेळी, ती हाक पहिल्यांदाच ऐकत असल्यासारख्या, म्हणायच्या, "ओ."